सारांशावर पेरलेला आंबेमोहोर

तात्यांच्या घरातला आंबेमोहोर मी संपवला, आणि तोही ग्रंथालयाच्या कार्डावर.

२००८च्या सुमाराची गोष्ट. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून लातूरहून येऊन आम्ही नवरा-बायको नांदे गावात तात्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. गावाने इंद्रायणी भात धरला होता. तात्या एकटेच आंबेमोहोराचं घरचं बियाणं पणजोबांपासून जपून होते. मी मात्र पुण्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाचा ताजा सभासद. घरबसल्या जगभरचे संशोधन-लेख माझ्या कॉम्प्युटरवर उघडत होते. (म्हणजे सारांश उघडत होता. पूर्ण लेखासाठी अर्ज करून पंधरा दिवस थांबायचं. कोण थांबतंय!)

मे महिन्यात तात्या राब भाजायला निघाले. भाताची रोपं जिथे करायची, तिथे शेण आणि पालापाचोळा पसरून जाळायचा, म्हणजे तणाचं बी मरतं. धूर थेट आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. मी सारांशाचा कागद घेऊन खाली उतरलो.

"तात्या, राब न भाजताही रोपं जोमदार येतात. संशोधन आहे तसं."

"मंग तण कोन काढनार?"

"आम्ही दोघं. शनिवार-रविवार सुट्टीच असते."

तात्यांनी कागद उलटासुलटा पाहिला. "शिकल्याली मानसं हायेत," ते आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना म्हणाले, "उगं न्हाई सांगायची." आणि होतं तेवढं बियाणं राब न भाजताच पेरलं.

पावसाबरोबर वाफा हिरवागार झाला. आम्ही दोन शनिवार-रविवार उकिडवे बसून तण उपटलं. वाफा विंचरल्यासारखा दिसायला लागला. मी फोटोसुद्धा काढले. दुसऱ्या रविवारी काकू भाकरी घेऊन आल्या आणि बांधावरच थांबल्या.

"ह्यो ढीग कशाचा?"

"तण आहे, काकू."

"आवं, ह्ये भात हाय. वाफ्यात ऱ्हायलंय त्ये तण."

आदल्या आठवड्याचा ढीग वाळून गेला होता. ताजी रोपं काकूंनी परत लावून पाहिली, ती जगली नाहीत. तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिहे गावच्या मेव्हण्याकडून इंद्रायणीची रोपं आणली आणि एवढंच म्हणाले, "भात व्हईल, पर आपला न्हाई." त्या वाक्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी अर्ज केला. पूर्ण लेख बरोबर पंधराव्या दिवशी आला. चौथ्या पानावर लिहिलं होतं, राब भाजला नाही तर तण जाणकार माणसाकडूनच काढून घ्यावं. मी खाली जाऊन ते तात्यांना वाचून दाखवलं.

"ह्ये तर मी बी सांगितलं असतं," तात्या म्हणाले. "तुमी इचारलं न्हाई."

घरचं बी गेल्यावर तात्यांचं मन शेतात रमेना. त्यांनी ते बिल्डरला देऊन टाकलं. दोन वर्षांत तिथे इमारत उभी राहिली आणि त्यात आम्हीच फ्लॅट घेतला. माझी गाडी आता राबाच्याच जागेवर उभी असते. पावसाळ्यात चाकाजवळ तण उगवतं. ते मला चौथ्या मजल्यावरूनही ओळखता येतं.