व्याह्यांच्या ऋषीवर गोळी झाडताना

मी व्यावसायिक गेमर आहे. वय एकोणसत्तर, उजवा गुडघा स्टीलचा, डावा त्याच वाटेवर.

हसू नका! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी "हलायचं नाही" असं बजावलं, आणि माझी कटकट थांबावी म्हणून आमच्या रेवाने (मुलाची मुलगी, कॉलेजात आहे) माझ्या फोनवर तो गोळीबाराचा गेम टाकून दिला. एका बेटावर चार-चार जणांच्या टीम उतरतात, एकमेकींना मारतात, शेवटी उरेल ती टीम जिंकते. बाकीची पोरं तिथे नुसती उड्या मारत फिरतात. मी झुडपात बसायची. बसायचं म्हणजे बसायचं! पोरं इकडेतिकडे नाचून समोरून जायला लागली की, ठो!

"अगं, या वयात बंदूक?" आमचे हे चष्म्यावरून म्हणाले.

"तुमची बागेतली रमी चालते, मग माझी बंदूक का नाही?"

रेवा आधी हसायची. मग हळूहळू माझ्या खुर्चीमागे उभं राहून बघायला लागली. तिची मुलींची टीम होती, आणि पुढे यातच करिअर करायचं असं तिचं ठरलेलं. एक दिवस म्हणाली, "आजी, शनिवारी गावातच पाणीगेटला स्पर्धा आहे. आमची किंजल मामाच्या लग्नाला चालली आहे. तू येशील? नीट खेळलीस तर टीममध्ये कायमची जागा!"

कायमची! अहो, बालवाडीत मी वर्षानुवर्षं 'बदली बाई' म्हणून काढली. कुणी रजेवर गेलं की मी हजर, ती परत आली की मी घरी. कायमची जागा हा शब्द उभ्या आयुष्यात मला उद्देशून कुणी उच्चारला नव्हता. मी त्याच क्षणी ठरवलं, ही जागा मी घेणारच!

शनिवारी हॉलच्या दारातच गुजराती स्वयंसेवकाने अडवलं. "बा, जोवावाळाए त्यां बेसवानुं," असं म्हणून त्याने प्रेक्षकांच्या खुर्च्या दाखवल्या.

"भाई, हुं तो रमवा आवी छुं!" खेळायला आलेय म्हणून मी ठणकावलं आणि काठी टेकत खेळाडूंच्या टेबलाकडे निघाले. लोक वळून बघत होते. मला वाटलं, झालो आपण प्रसिद्ध.

तेवढ्यात एक उंच मुलगा येऊन वाकला. "आजी, ओळखलंत का? मी ऋषी! वैशालीकाकूचा पुतण्या."

वैशाली माझी लेक, डभोईला दिली आहे. म्हणजे हा माझ्या व्याह्यांचा सख्खा नातू!

"आशीर्वाद द्या आजी, आता मॅच आहे."

माझा हात आपोआप वर गेला. "विजयी हो!"

"आजी!" रेवा किंचाळली. "तो आपल्याच विरुद्ध खेळतोय!"

"मग काय पोराला अर्धाच आशीर्वाद देऊ?"

दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी माझ्या पद्धतीने झुडूप धरलं. बाकीच्या टीम एकमेकींत मारामारी करून संपल्या, आमच्या मुलीही गेल्या, आणि शेवटी उरलो मी आणि ऋषी. तो बरोब्बर माझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून उभा! नुसतं बोट टेकवायचं होतं. टेकवेना! वैशालीच्या लग्नात मानाची एक साडी हलकी गेली म्हणून ज्या घराने मला अजून सोडलेलं नाही, त्या घरच्या मुलाला पाठीत गोळी? (आमचे पूर्वज इथल्या संस्थानच्या फौजेत होते. पण व्याह्यांवर नेम धरायची वेळ त्यांच्यावरही आली नसणार.)

मग मी सभ्य मार्ग काढला. भर हॉलमध्ये ओरडले, "ऋषी, मागे बघ रे! मी मारतेय हं!"

त्याने मागे बघितलं. ठो!

"सॉरी, आजी!" समोरच्या टेबलावरून आवाज आला. संस्कार मात्र चांगले आहेत हो त्या घरचे.

रेवाने डोकं टेबलावर ठेवलं होतं. ते न उचलताच म्हणाली, "आजी, शेवटची फेरी. ही गेली तर तुझी जागाही गेली."

या करिअरमध्ये मी शिकले ती गोष्ट हीच, की अडचण झुडपाबाहेर असते आणि ती आधी मिटवावी लागते. मी सरळ डभोईला फोन लावला.

"नमस्कार, व्याहीणबाई. एक परवानगी हवी होती. तुमच्या ऋषीला मारू का?"

"केलं काय त्याने?"

"काही नाही हो, गुणी मुलगा! गेममध्ये मारायचंय."

"मग मारा की! अभ्यास सोडून तिथे बसलाय. माझ्या वाटच्याही दोन गोळ्या घाला! पण सकाळी उपाशीच गेलाय हो. आधी खायला घाला, मग मारा."

मी माझा थेपल्यांचा डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर नेऊन दिला. डभोईच्या अख्ख्या टीमने तो पुसून काढला.

"आजी, तू शत्रूला जेवण पोचवतेयस?" रेवाचा आवाज रडवेला झाला होता.

"उपाशी पोराला मारून व्याहीणबाईंना तोंड कसं दाखवू?"

दुसरी फेरी सुरू झाली. आता माझं मन स्वच्छ होतं. परवानगी मिळालेली, पोरगं जेवलेलं! पुन्हा शेवटी आमच्यातली मी एकटी उरले. त्यांचे दोघं, ऋषी आणि आणखी एक जण. ऋषी ओणवा होऊन झुडपासमोरून निघाला. या वेळी मी हाक मारली नाही, दात-ओठ खाल्ले आणि... ठो!

ऋषी पडला! हॉलमध्ये शिट्ट्या! रेवा खुर्चीवर चढली. "आजी, एकच उरलाय! बसून राहा! अजिबात हलू नकोस!"

मी हललेच नसते हो. पण त्या गेममध्ये गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही. तो रांगतो. गुडघ्यांवर! ते बघून माझ्या स्वतःच्या गुडघ्यात कळ आली.

"अगं बाई! लागलं का रे बाळा?" म्हणत मी झुडपातून जी धावत सुटले! ऋषीजवळ पोचून मलमपट्टीचं बटण शोधत होते, तेवढ्यात बेटावरच्या एका गच्चीवरून त्याच्या मित्राने मला टिपलं.

सुभानपुऱ्याला घरी परतताना रिक्षात रेवा एवढंच म्हणाली, "कायमच्या जागेचं नंतर बघू, आजी."

मी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घेऊन पुन्हा झुडपात! यांनी "आता सोड की" म्हटलं, पण माझा नेम धरलेला होता.

तेवढ्यात ऋषीचा फोन आला. "आजी, आमची सगळी टीम तुमची फॅन झाली आहे. तुम्ही खेळ सोडायचा नाही."

"अरे, मग घेताय का मला तुमच्या टीममध्ये? अगदी कायमची?"

"नाही, नाही!" पोरगं दचकून म्हणालं. "आजी, तुम्ही रेवाच्याच टीममध्ये राहा. कायमच्या! हवं तर आम्ही तिला येऊन विनंती करतो."