आईची वाकळ आणि पातेल्याचं झाकण

माझी आई वारली तेव्हा तिच्या हातची वाकळ आमच्या नात्यात एकाच माणसाकडे नव्हती. तो माणूस म्हणजे तिचा थोरला मुलगा, म्हणजे मी.

धाकट्या भावाकडे दोन. त्याच्या मेव्हण्याकडे एक (मेव्हण्याकडे!). माझ्या कारखान्यातल्या वॉचमनकडे एक. होटगीच्या माळावरच्या बिरोबाला तर दर हिवाळ्यात नवी. "दगडाला थंडी वाजते होय गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुला वाजत न्हाय म्हणून त्येला वाजू नये व्हय?"

आणि चिंध्या कुणाच्या? माझ्या! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या मागावर राबून मी स्वतःचा टॉवेलचा कारखाना उभा केला. तिथलं कातरण आई पिशव्या भरभरून न्यायची. मग त्यातून वाकळेवर मेंढरं उमटायची, देवळाचा कळस उमटायचा, मेंढरांना शर्टाच्या बटणांचे डोळे यायचे. शिवताना तोंडानं बिरोबाच्या ओव्या, त्याही स्वतः रचलेल्या. त्या ओव्यांत भावाचं नाव यायचं, शेजारणीच्या म्हशीचंसुद्धा यायचं. माझं कधी आलं नाही. मी कान देऊन ऐकत असे.

"आई, मला एक शिव की."

"तुला कशाला रं? तू आधीच लई तापलेला असतूस!"

तेरावं झालं, पाहुणे गेले. घर इतकं गप्प झालं की मला भांडायलाही कुणी उरलं नाही. बायको म्हणाली, "गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. मी दळण घेऊन येते, मग आत्यांचे कपडे कुणा गरजूला देऊन टाकू." (ती सासूला आत्या म्हणायची.)

आता 'देऊन टाकणं' हा व्यवहार मला जन्मात जमलेला नाही. आणि तेवढ्यात दारात हाक आली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी नागव्वा! मी आईची लुगडी तिच्यापुढे टाकली.

"पार इरून गेलीत की साहेब. चाळणी घ्या ही."

"चाळणी? माझ्या आईची लुगडी आहेत ती! पातेलं काढ!"

"पातेलं परवडत न्हाय."

"मग उचल टोपली आणि लाग चालायला!"

ती चार पावलं गेली, मी हाक मारली. ती आली, मी पुन्हा हाकलली. डोक्याचं मुंडण झालेलं, डोळे रडून सुजलेले, आणि मी उंबऱ्यात उभा राहून ओरडतोय. शेजाऱ्यांना वाटलं, दुःखाचा पुन्हा कढ आला! समोरचे गुरुजी धावत आले आणि माझा हात धरून म्हणाले, "धीर धरा, आण्णा." धीरच तर धरला होता, म्हणून पातेलं मिळालं!

झाकण मात्र ती सोडेना. "झाकणावर आणि कायतरी टाका की."

आईच्या खाटेवर पायाशी एक मळकं, चहाचे डाग पडलेलं बोचकं होतं. ते मी तिच्या टोपलीत भिरकावलं आणि झाकण हातात घेतलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं.

बायको दळण घेऊन आली. "अहो, आत्यांच्या पायाशी वाकळ होती, ती कुठंय?"

"वाकळ? ते मळकं बोचकं?"

तिनं डबा खाली ठेवला. "ती वरची खोळ होती! देवाला दाखवायच्या आधी नव्या वाकळेला कुणाची नजर लागू नये, म्हणून आत्या ती जुनेराच्या खोळीत शिवून ठेवायच्या. इतकी वर्षं तुम्ही बघितलं नाही?"

बघितलं होतं की. पण दुसऱ्यांच्या वाकळांचं!

"कुणाची होती?"

"तुमची."

मी खाली बसलो.

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"देवानं बघेपर्यंत सांगू नको म्हणाल्या. मागावर बसलेलं तुम्हाला काढलंय तिच्यावर. शेवटी शेवटी दिसत नव्हतं, तर बोटांनी चाचपून टाके घालायच्या."

झाकण घेऊन मी मोटारसायकलला किक मारली. विचारत विचारत रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत पोहोचलो. नागव्वाच्या दारात खाटेवर तिची म्हातारी आई तापानं कुडकुडत होती. अंगावर खोळ काढलेली वाकळ! वर कळस, भोवती मेंढरं, मधे माग. मागावर एक माणूस, लाल टॉवेलच्या तुकड्याचं भलंमोठं तोंड उघडून बसलेला.

बघताक्षणी मी स्वतःला ओळखलं. पण बाजारातला एक नियम मी कधी मोडलेला नाही: हवी ती वस्तू हवी आहे, असं चेहऱ्यावर दाखवायचं नाही.

"झाकण बसत नाही," मी म्हणालो. "हे घे, आणि ते फाटकं दे परत. मशिन पुसायला होईल."

नागव्वा ताडकन उठली. "पुसायला? ही? टाका बघितलाव का साहेब? तुमच्या म्हातारीनं जीव ओतलाय ह्यात, आणि तुमी तिनं मशिन पुसणार? न्हाय देणार मी!"

खाटेवरून म्हातारीनं वाकळेवरच्या माणसाला चाचपत बारीक आवाजात विचारलं, "नागे, ह्यो कोण गं, तोंड वासून बसलाय?"

"आसंल कुणीतरी, अव्वा. नीज तू."

'तो मी' म्हणायला मी तोंड उघडलंही. पण पुसायला मागणाऱ्यावर आता विश्वास कोण ठेवणार? शिवाय म्हातारी त्या लाल तोंडावर गाल टेकून झोपीही गेली. साऱ्या एमआयडीसीला ऐकू जाईल असं उघडणारं तोंड मी मिटून घेतलं.

नागव्वाला माझी दया आली असावी. टोपलीत हात घालून तिनं दुसरं झाकण काढलं. "हे घ्या, हे बसंल. खरं सांगा साहेब, नुसत्या झाकणासाठी एवढ्या उन्हात आलाव?"

"व्हय," मी म्हणालो. आणि झाकण उजेडात धरून, कुठं पोचा तर नाही ना, ते नीट बघून घेतलं.