हकीमचाचा आणि सरतान

भेटल्यावर सलाम-नमस्काराआधी हकीमचाचा म्हणत, "जीभ दाखव." दोह्याजवळच्या मेसईदमधल्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, मूळचे रत्नागिरीकडचे. मी नवा इंजिनिअर. कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. खरे हकीम त्यांचे आजोबा. चाचांकडे आजोबांनी अरबी ग्रंथांतून उतरवून घेतलेली एक वही तेवढी होती.

शुक्रवारी जेवणानंतर ती वही निघे. हजार वर्षांपूर्वीचे हकीम म्हणत, अंगातला काळा रस, सौदा, जळून एका जागी साचला की गाठ होते. "सरतान म्हणजे खेकडा. भोवतीच्या शिरा नांग्यांसारख्या फुगतात, म्हणून ते नाव. आजही अरबीत कॅन्सरला हाच शब्द." सौदा वाढतो म्हणून त्यांनी माझं वांगं बंद केलं होतं. मी दोह्यात, अल मन्सूरातल्या हॉटेलात जाऊन गुपचूप खाऊन यायचो.

ऐन उन्हाळ्यातही ते कॉलरचं वरचं बटण लावून ठेवत. एका सकाळी ते तोंड धूत असताना मला त्यांच्या मानेवर बोराएवढी गाठ दिसली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आईची शपथ घे. कंपनीला कळलं की खलास, घरी पाठवतील. एकोणतीस वर्षं इथे काढली, तिकडे मी कोणाचा?"

मी शपथ घेतली. मग रोज तीच खोली, त्यांचं बार्लीचं पाणी आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढणारी गाठ. फोरमन विचारी, "चाचा ठीक हैं?" मी होकारार्थी मान हलवी. डॉक्टरचं नाव काढलं की चाचा वहीतलं वाचून दाखवत : मोठ्या सरतानला हात लावू नये, चाकू लागला की ते चवताळतं.

तीन महिन्यांनी मी चिडून विचारलं, "आणि लहान असताना?"

त्यांनी मागचं पान उलटून सावकाश वाचलं, "लहान असेल, सगळं निघण्यासारखं असेल, तर भोवतीच्या शिरांसकट मुळापासून कापावं." वही मिटत ते म्हणाले, "हे पान मी उघडतच नव्हतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात नेलं. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसली होती; ऑपरेशनची वेळ गेली होती. ज्या कंपनीला ते भीत होते, तिने उपचारांसाठी रजा दिली. घरी जायचं चाचांनीच ठरवलं. दोन महिन्यांनी पुतण्याचा फोन आला, चाचा गेले.

दोह्याच्या विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो होतो. व्हीलचेअरमध्ये बसून त्यांनी माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाले, "शपथ पहिल्याच दिवशी मोडायला हवी होतीस रे."