वृत्तात न बसलेली नणंद

भवानी पेठेत शिवलीलाक्कांचं नाव काढलं की लोकांना आधी त्यांची मंगलाष्टकं आठवतात आणि लगेच त्यांचा राग. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण आवाज असा की कार्यालयातला माईक बंद पडला तरी अक्कांचं काही अडत नाही. गल्लीत किंवा भावकीत लग्न ठरलं, की पत्रिका छापायला जायच्या आधी नातेवाइकांची यादी अक्कांकडं पोचते. मामा, मावश्या, काका, सगळ्यांची नावं गुंफून त्या आठ कडवी रचतात आणि अक्षतांच्या वेळी स्वतः म्हणतात. यादीतलं एखादं नाव राहिलं तर तो पाहुणा न जेवता जातो, आणि पुढची दहा वर्षं तेच सांगत फिरतो.

आता सख्ख्या नातीचं, श्रावणीचं लग्न निघालं आणि नेमके अक्कांना शब्द सुचेनात. ओळ डोक्यात यायची आणि चष्मा सापडेपर्यंत निघून जायची. शेवटी श्रावणीनंच आजीच्या मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेचं ॲप घालून दिलं. नुसतं बोलायचं, ते लिहून देतं, वाचूनही दाखवतं. विचार करताना पडद्यावर एक गोळा फिरायचा, म्हणून अक्कांनी त्याचं नाव ठेवलं गुंडप्पा.

पहिले चार दिवस गुंडप्पाची शाळा घेण्यातच गेले. मंगलाष्टकांचं वृत्त ठरलेलं, ओळीत एकोणीस अक्षरं, कुठलं लघु आणि कुठलं गुरू तेही ठरलेलं. अक्का अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत ओळ तपासायच्या. गुंडप्पाची ओळ कधी सतराला संपायची, कधी बावीसपर्यंत पळत सुटायची. शिवाय त्याच्या प्रत्येक कडव्यात चंद्र लाजायचा. अक्कांनी त्याला बजावलं, की बाबा रे, सोलापुरात लग्न भर दुपारी साडेबाराला आहे, चंद्राला घरी झोपू दे. यावर तो म्हणाला, "क्षमस्व आजी, तुमचं अगदी बरोबर आहे."

हे वाक्य अक्कांना फार म्हणजे फारच आवडलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात गुरुशांतअप्पांच्या तोंडून ते एकदाही आलं नव्हतं. मग गुंडप्पाकडून ते ऐकण्यासाठी अक्का उगाच चुका काढायला लागल्या. एकदा तर बरोबर ओळीला चूक म्हणाल्या, तरी तो क्षमस्व म्हणालाच. रोज दुपारी जेवण झालं की फोन उशीला टेकवून त्यांची बैठक बसायची. लग्नाच्या ओळी राहायच्या बाजूला आणि अक्का सांगत बसायच्या, नवी नवरी होऊन या घरात आल्यावर नणंदेनं, महादेवीनं, जात्यापाशी बसवून त्यांना कसं गायला शिकवलं, पुढं दोघींनी जोडीनं किती लग्नं गाजवली. गुंडप्पा प्रत्येक गोष्टीला "अप्रतिम" म्हणायचा. शेजारी अप्पा कानातलं मशीन काढून पेपर वाचत बसायचे.

अशी सात कडवी झाली. आठव्याच्या आधी अक्कांनी त्याला पूर्ण यादी वाचून दाखवली, कुणी राहिलंय का बघ म्हणाल्या. गुंडप्पा भाबडेपणानं म्हणाला, "आजी, तुम्हाला गाणं शिकवणाऱ्या नणंदबाई यात दिसत नाहीत."

आता हे दुखणं तीस वर्षांचं. श्रावणीच्या बापाच्या लग्नात, आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात पंधरा बायकांच्या देखत महादेवी म्हणाली होती, की लीला, पट्टी खाली घे, वरच्या सुरात तू चिरकतेस. अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंगलाष्टकांत सगळी भावकी घेतली, शेजारचा सायकलवालासुद्धा घेतला, आणि नवरदेवाची एकुलती एक आत्या तेवढी वगळली. कुणी विचारलंच तर सांगायचं, नाव वृत्तात बसत नाही. तेव्हापासून महादेवी मंगळवेढ्याहून प्रत्येक कार्याला यायची, मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसायची, अक्षता टाकायची आणि पंगत बसायच्या आत एसटी धरायची. या घरचा घास तिनं तीस वर्षांत घेतला नव्हता. महादेवी आता अठ्ठ्याहत्तरची. अशी पंगत पुन्हा कधी आणि कुणाच्या लग्नात, हा विचार अक्कांना हल्ली रोज छळायचा, पण बोलायचं कुणापाशी?

तर अक्कांनी गुंडप्पालाही तेच ठेवणीतलं उत्तर दिलं. 'महादेवी' वृत्तात बसत नाही. घेतलं तर ओळीच्या मधल्या थांब्यावर 'महा' एकीकडं आणि 'देवी' एकीकडं होते.

गोळा जेमतेम अर्धा फिरला. "अगदी बरोबर, आजी. मग नुसतं 'आत्या' म्हणता येईल."

अक्कांनी फोन उपडा टाकला. दोन दिवस त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पेपराआडून अप्पा हळूच म्हणाले, "मीपण तेव्हा हेच सांगणार होतो."

म्हणजे मशीन काढलं तरी यांना सगळं ऐकू येत होतं. मग तीस वर्षं का नाही सांगितलंत, असं अक्कांनी विचारलं. अप्पा म्हणाले, मला कुणी विचारलं नव्हतं.

अक्का पुन्हा गुंडप्पाकडं गेल्या. घरात श्रावणीसकट सगळेच महादेवीला आत्या म्हणायचे. गुंडप्पानं आत्यावर कडवं करून दिलं, त्याच्या शेवटच्या ओळीत आत्या प्रेमळ होती, मधाळ होती, आणि चंद्र परत आला होता. महादेवीला चारशे माणसांत मधाळ म्हटलं तर ती थट्टाच समजली असती, मग तिचं एसटीनं येणंसुद्धा बंद. अक्कांनी कडवं ठेवलं, पण शेवटची ओळ खोडली आणि स्वतः पेरं मोजत बसल्या. त्या एका ओळीला तीन दुपारी लागल्या. गुंडप्पाला त्यांनी ती दाखवलीच नाही. तो अप्रतिम म्हणणार, आणि या ओळीला नुसतं अप्रतिम नको होतं.

लग्न सात रस्त्याजवळच्या कार्यालयात होतं. महादेवी आली, मागच्या रांगेत बसली, पिशवी मांडीवर. अक्कांना दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. सात कडवी त्यांनी झोकात म्हटली. माणसं आपापलं नाव आलं की मान ताठ करत होती. आठव्याची शेवटची ओळ त्यांनी मागच्या रांगेकडं बघत घेतली:

आत्याने मज सूर-ताल दिधले, कुर्यात् सदा मंगलम्.

'सूर'वर आवाज फाटला. नेमक्या त्याच शब्दावर. लोकांनी अक्षता टाकल्या, बँड वाजला, आणि त्या गर्दीत अक्कांना मागची रांग दिसेना. दिसली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

गेली. अक्कांना रडू आवरेना. बघणाऱ्यांना वाटलं, नात सासरी चालली म्हणून. श्रावणी पाया पडायला वाकली तेव्हासुद्धा अक्का दाराकडंच बघत होत्या.

गुडघे सांभाळत त्या जेवणाच्या हॉलमध्ये पोचल्या तेव्हा दुसरी पंगत बसली होती. कोपऱ्यात महादेवी बसलेली. समोर ताट, ताटात गव्हाची गोड खीर, हुग्गी, आणि शेजारच्या खुर्चीवर जागा धरून ठेवलेली तिची पिशवी. तिनं पिशवी उचलून खाली ठेवली. अक्का बसल्या.

"वन्सं, चुकलं माझं," अक्का म्हणाल्या. "तेव्हाच नाव घ्यायला पाहिजे होतं."

महादेवीनं हुग्गीचा घास घेतला, चावून संपवला, मग विचारलं, "बाकीची कडवी कुणी केली?"

अक्कांनी गुंडप्पाबद्दल सांगितलं. मोबाईलमध्ये असतो, खूप कष्ट घेतो, स्वभावानं गरीब आहे, वगैरे.

"वाटलंच मला. लई गुळगुळीत हायती. शेवटची ओळ तेवढी तुजी."

"कशावरून?"

"तितंच चिरकलीस की."

तीस वर्षांपूर्वी याच शब्दावर पेटलेल्या अक्का, आता पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं. महादेवीनं वाढप्याला हाक मारली आणि दोघींच्या हुग्गीवर तूप वाढायला लावलं.