हलले म्हणून सांग

सोलापुरात मी एका फोटो स्टुडिओत अंधारखोलीचं काम करत होतो. त्या काळी आमच्याकडे फोटो काचेवर निघे. ती काच धुताना आमच्या हातून काही बिघडलं, की मालकांचं वाक्य ठरलेलं: "हलले म्हणून सांग." गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून पुन्हा बसायचं. त्या वाक्याची मला आजही चीड येते, आणि ज्या तोंडानं मी ते बोललो त्या तोंडाचीही.

वैशाखातली गोष्ट. हातमागावर जन्म घालवलेला एक म्हातारा आणि त्याची बायको आली. आपसात तेलुगू, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. म्हाताऱ्याच्या छातीत दम उरला नव्हता. त्याचा एक तरी फोटो मागं राहावा, एवढीच बाईची इच्छा. मी भिंगावरची टोपी काढली, तीन आकडे मोजले, टोपी लावली. तेवढा वेळ त्या माणसानं खोकला गिळून धरला होता. टोपी लागली आणि तो असा खोकला, की दोघांनी धरावा लागला.

उन्हाळ्यात काच बर्फाच्या पाण्यात धुवावी लागते, नाहीतर तिच्यावरचा थर सुटतो. त्यासाठीच मी सकाळी भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणली होती. दुपारी एक वकीलसाहेब सहकुटुंब आले आणि मालकांनी ती लादी फोडून सरबतात घातली! सरबतात! मी म्हटलं, "म्हाताऱ्याची काच उद्या पहाटे धुतो, तेव्हा पाणी तरी गार असतं."

"माठातलं घाल की. लई शहाणा झालास."

मी घातलं. नोकरी होती.

तांबड्या दिव्याखाली म्हातारा काचेवर उमटला. कोटाचं बटण न् बटण, मिशीचा केस न् केस. इतका स्थिर बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग कोपऱ्यात सुरकुती पडली आणि दुधावरची साय सरकावी तसा तो अख्खा थर माझ्या बोटांवरून पाण्यात गेला.

"हलले म्हणून सांग," मालक म्हणाले. बाई फोटो न्यायला आली तेव्हा मी तेच सांगितलं. ती चिडली, पण माझ्यावर नाही, नवऱ्यावर. "एवढं बजावलं होतं की त्यांना!" म्हणत तरातरा गेली. त्यांना पुन्हा आणा म्हणून मी निरोप पाठवला, तर तो आता अंथरुणातून उठत नव्हता. कॅमेरा घेऊन मीच त्यांच्या घरी जातो म्हटलं, तर मालकांनी ते हसण्यावारी नेलं. वकिलांच्या फोटोला चौकट कोणती शोभेल, यावर मात्र तासभर खल!

पंधरा-वीस दिवसांनी ती एकटीच आली. कपाळ मोकळं. पायरीवरच बसली.

"जाईपर्यंत एकच म्हणत होते, मी हाललो न्हाई, मी हाललो न्हाई. हाललेला असला तरी चालंल, बाबा. हाय तसा द्या."

द्यायला होतं काय? एक कोरी काच. मालक आतून डोळे वटारत होते. वटारू देत.

"मावशी, ते हलले नव्हते," मी म्हणालो. "फोटो आम्ही घालवला."

मला वाटलं, आता ती शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

"मी लई बोलले त्यांना," ती म्हणाली. "आता हे कुणाला सांगू?"