बाराव्या दिवसाआधी

माझं काम नवी मूलद्रव्यं घडवण्याचं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही जड धातूच्या पातळ पत्र्यावर कॅल्शियमच्या अणुगर्भांचा महिनोन्‌महिने मारा करतो. बहुतेक नुसते निघून जातात. एखादाच चिकटतो, नवा जड अणू होतो आणि क्षणात मोडतो. मोडताना जे कण बाहेर टाकतो, त्यांवरूनच कळतं की तो होता.

बाळंतपणाला मी माहेरी, इंझोरीला आले आणि दोन महिने आधीच कळा सुरू झाल्या. वाशीमच्या दवाखान्यात मुलगी जन्मली ती थेट काचेच्या पेटीत गेली. भीतीनं मी अर्धमेली झाले. दिवस गेल्याचं कळायच्या आधीचे तीन आठवडे मी तो मारा करणाऱ्या यंत्रापाशीच होते ना! कामावर छातीला लावायच्या बिल्ल्यावरची किरणोत्साराची नोंद मर्यादेत होती, हे दहा वेळा तपासलेलं. तरी अकराव्यांदा फोनवर उघडून पाहिली. एवढं शिकून काय उपयोग!

तिसऱ्या दिवशी दुपारी, माझं मन रमावं म्हणून असेल, आईनं विचारलं, "तुम्ही नवं घडवता ते किती वेळ जगते?"

"पापणी लवते ना, तेवढंबी नाही."

"आन् त्याले नाव ठेवता?"

"ठेवतो. पन लगेच नाही. ते खरंच झालतं, हे दुसऱ्यायलेबी पटा लागते. वर्षं जातात."

"मनजे गेल्यावर ठेवता." आई पेटीकडे बघत म्हणाली, "हिचं आजच ठेव."

मी दचकले. आमच्यात बाराव्या दिवसाआधी नाव ठेवत नाहीत, आणि तो मान आत्याचा. रीतिभातीच्या बाबतीत आई कुणाचं ऐकणारी नव्हे. तीच असं म्हणतेय म्हणजे तिनं आशा सोडली, असंच मला वाटलं.

"असं काहून मनतं वं, माय?"

"तुह्या आंधी एक पोरगी झालती मले. चौथ्या दिवशी गेली. नाव नोतं ठेवलं. आता तिची याद आली तं मी तिले काय मनून हाक मारू?"

मला हे माहीतच नव्हतं. पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून मी माझ्या मुलीच्या मुठीला बोट लावलं आणि मनात आलेलं नाव हळूच उच्चारलं.

ती जगली. बारसं उशिरा झालं. आत्यानं कानात कुर्रर्र करून दुसरंच नाव ठेवलं, आणि आईनं गावाला गुमान घुगऱ्या वाटल्या. शाळेत तेच नाव आहे. पण तिच्या अंगात ताप भरला की मी तिला पहिल्या नावानं हाक मारते, आणि ती ओ देईपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही.