आईच्या रानतोंडलीचा निळा रंग

"परसातलं कुंपण काढून भिंत घालतोय," असं अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, फोनवर सांगितलं आणि मी लगेच रजा टाकली. गुंजीच्या आमच्या घरामागं त्या कुंपणावर आईनं राखलेली रानतोंडलीची वेल होती. तोंडली कडू, भाजीच्या कामाची नाहीत. पण आम्हाला खाज सुटली की आई पानं चुरगाळून रस लावायची. आई जाऊन वर्ष झालं. मी पुण्यात रसायनशास्त्र शिकवते. या पानांतली फिनॉलिक संयुगं, म्हणजे पानाला तुरटपणा देणारी द्रव्यं, एकदा मोजायची असं कधीपासून मनात होतं.

पाऊस सरून ऑक्टोबर लागला होता. पहाटेची एसटी धरली की जेवायला निपाणीत पोचता येतं. मात्र महामार्गाचं काम चालू आहे, तासभर जादा धरूनच निघा. स्टँडवर सुनंदा उभी होती, स्कूटीवर बर्फानं भरलेला थर्माकोलचा डबा घेऊन. बेळगावच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. सुनंदा आता इथल्याच कॉलेजात शिकवते. तिच्या घरी भाकरी, झुणका आणि डोळ्यांत पाणी आणणारा खर्डा खाल्ला आणि उन्हातच गावाबाहेर गेलो. तुलनेसाठी तिथल्या बांधावरचीही पानं हवी होती.

"काय करताय गं ह्या कडू पानांचं?" शेतातल्या एका आप्पांनी विचारलं.

"मोजणार हाय, आप्पा," सुनंदा म्हणाली.

"लई हायत की! मोजता मोजता सांज व्हईल."

आम्ही दोघी विशीतल्यासारख्या हसलो.

दुसऱ्या दिवशी बेळगावची बस. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. सुनंदानं आधार दाखवलं, मीही दाखवलं.

"तुमचं पुण्याचं हाय न्हवं, आक्का? तिकीट घ्यावं लागतंय," कंडक्टर म्हणाला.

पैसे किरकोळच होते. पण ज्या मुलखात माझी शाळा-कॉलेजची सगळी वर्षं गेली, तिथं मी पाहुणी झाले होते. बेळगावात खव्याचा कुंदा घेतला, जुन्या कॉलेजवरून मुद्दाम रिक्षा नेली. तिथंच आम्ही पहिल्यांदा पानाच्या अर्कात एक पिवळं रसायन आणि सोडा घालून निळा रंग उमटताना पाहिला होता; तुरट द्रव्यं जितकी जास्त, तितका निळा गडद. यंत्र नव्हतं, नळ्या खिडकीशी धरून कुठली जास्त निळी यावर भांडायचो.

खानापूर ओलांडलं की झाडी दाट होते, हवा बदलते. गुंजीत उतरून घराकडं जवळजवळ पळतच गेले. परसात कुंपण नव्हतंच. पाया खणलेला, आणि शेजारी वेलीचा ढीग, पानं मलूल होऊन काळवंडलेली.

"मिस्त्री सकाळीच आलता गं," अण्णा खाली बघत म्हणाला. "मी डेअरीत दूध घालून येईस्तोवर सगळं काढलंतं."

तशी पानं मोजून उपयोग नव्हता. मी पायरीवर बसून रडले. आई गेली तेव्हा माणसं सांभाळण्यात रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या वेळी आलं. अण्णाही जवळ येऊन बसला.

सुनंदा मात्र परसात फिरत होती. "इकडं ये गं!" न्हाणीमागून तिची हाक आली. तिथं वेलीची एक फांदी कधीकाळी मातीला टेकून मुळं धरून बसली होती. हिरवीगार, दोन पांढरी फुलंसुद्धा. मोजकीच पानं खुडून आम्ही बर्फात ठेवली. अण्णानं मिस्त्रीला बोलावलं.

"भिंत हितं जरा वळवा."

"वाकडी दिसंल की, मालक."

"दिसू दे."

तिसऱ्या दिवशी निपाणीला परतून सुनंदाच्या प्रयोगशाळेत सारख्या वजनाची पानं घोटली, मिथेनॉलमध्ये अर्क काढला, गाळला, रसायन घातलं आणि नळ्या अंधारात ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा यंत्राची गरजच नव्हती. बांधावरच्या पानांचा निळा गडद होता, आईच्या वेलीचा फिका. तरी यंत्रात घातलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला वाईट वाटलं.

"उन्हात तापलेलं पान जास्त साठवतंय," सुनंदा म्हणाली. "तुझ्या आईनं तिला सावलीत वाढवली, रोज पाणी घातलं. तिला कशाला लागतंय एवढं?"

मी फिक्या निळ्या नळीकडं बघत राहिले. लाड झालेली वेल होती ती. आम्हा भावंडांसारखीच.

पुण्यात परतल्यावर लेकीनं दारातच विचारलं, "आजीची वेल पहिली आली का?"

"न्हाय गं," मी म्हणाले, "पर लई ग्वाड निळी हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मला असं बोलताना तिनं कधी ऐकलंच नव्हतं.